लॉट एकतीसचे पहिले पाकीट

सुभद्रा परबला तिची दुसरी नोकरी एका तराजूमुळे मिळाली. परळच्या ज्या गिरणीत तिने सुताच्या तपासणी खात्यात बावीस वर्षे काढली, ती कोरोनाच्या टाळेबंदीच्या मार्चमध्ये बंद झाली ती पुन्हा उघडली नाही. दीडेक वर्षाने गिरणीतले सामान विकायला निघाले. त्यात तपासणी खात्यातला, काचेच्या पेटीतला नाजूक तराजू होता. एका केसाचेसुद्धा वजन सांगायचा. तो सौमित्र प्रधान नावाच्या इंजिनिअरने घेतला, शिवडीच्या बाजूला असलेल्या आपल्या गाळ्यात नेऊन मांडला, आणि दोन दिवसांत त्याच्या लक्षात आले की एकच वस्तू तीनदा ठेवली तर हा तराजू तीन उत्तरे देतो. त्याने गिरणीतल्या जुन्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, तराजू उत्तम आहे, पण तो फक्त परबबाईंचे ऐकतो. भोईवाड्यात राहतात त्या.

सुभद्रा आली. तिने पेटीच्या एका पायाखाली वर्तमानपत्राची चौपदरी घडी सरकवली, पंखा बंद करायला लावला आणि पाच मिनिटे कोणाला बोलू दिले नाही. मग तराजूने तीनदा एकच उत्तर दिले.

"याला वारा सोसत नाही," ती म्हणाली. "आणि कोणी तोंड जवळ नेऊन बघितलं की श्वासानंही रुसतो."

सौमित्रने तिथल्या तिथे विचारले, रोज याल का. तिने गाळ्यावरून नजर फिरवली. एका कोपऱ्यात चकचकीत धाग्याची मोठाली रिळे होती, मधोमध एक कापण्याचे यंत्र, आणि यंत्राशी उभा होता राजाराम घाडी. तिच्याच गिरणीतला, देवगडकडचा. त्याला पाहून तिला निम्मा धीर आला. बाकीचा धीर सौमित्रने काम समजावून सांगितले तेव्हा आला, कारण ते काम तिला कळले.

ते असे. समुद्रातल्या लढाऊ जहाजावर क्षेपणास्त्र सोडले जाते, तेव्हा त्याच्या नाकात एक छोटे रडार असते. ते लहरी पाठवते, लहरी जहाजाला आपटून परत येतात, आणि जिथून जास्त परत येतील तिकडे क्षेपणास्त्र जाते. त्याला फसवायचे कसे, तर जहाजाने हवेत एक नळकांडे उडवायचे. नळकांड्यात काचेचे तंतू असतात, केसाहून बारीक, वरून अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेले. ते लाखोंनी हवेत पसरले की त्यांचा एक ढग होतो आणि रडारला तो ढग जहाजाएवढा, किंबहुना जहाजाहून मोठा दिसतो. तंतूची लांबी मात्र नेमकी हवी. कुठल्या रडारसाठी किती मिलिमीटर हे ठरलेले असते, त्यात केसभर चूक चालत नाही. याला इंग्रजीत चाफ म्हणतात. गाळ्यात सगळे सरळ चाफाच म्हणत.

"म्हणजे खोटं जहाज," सुभद्रा म्हणाली.

"हो."

"आणि खरं?"

"ते तेवढ्यात बाजूला होतं."

"वारा बघून ना? नाहीतर ढग याच्याच अंगावर येईल." तिचे माहेर आचऱ्याचे. वारा न बघता होडी कोणी हलवत नाही हे तिला सांगावे लागत नव्हते.

सौमित्र हसला आणि म्हणाला की हेच एक वाक्य त्याला तीन मुलाखतींत कोणी बोलले नव्हते.

पण चाफ्याचा खरा शत्रू वारा नव्हे, गुंता. तंतू एकमेकांना चिकटले की हवेत पसरत नाहीत, झुबका होऊन दगडासारखे खाली येतात. ढग होतच नाही. म्हणून प्रत्येक लॉटची परीक्षा व्हायची आणि ती परीक्षा सुभद्राकडे होती. इमारतीत लिफ्टसाठी बांधलेला एक उभा हौद होता. लिफ्ट तिथे कधी बसलीच नव्हती. सौमित्रने तो भाड्याने घेऊन आतून प्लायवूड मारले होते. तिसऱ्या मजल्यावरून हवेच्या झोताबरोबर एका पाकिटातले तंतू आत सोडायचे आणि तळाशी काळ्या रंगाचा ट्रे धरायचा. सुटा तंतू तरंगत तरंगत खाली यायला अर्धे मिनिट घेतो. झुबका लगेच पडतो. तेव्हा सुभद्रा तळाशी बसून एक ते दहा आकडे म्हणायची, दहाला पहिला ट्रे ओढून घ्यायची आणि दुसरा सरकवायची. पहिल्या ट्रेमधला माल तिच्या तराजूवर जायचा. शंभरात पाच भागांपर्यंत झुबके चालत. पाचाच्या वर गेले की लॉट नापास. पास झाला की कागदाच्या खाली तिची एकटीची सही.

गिरणीतही तिची एकटीची सही चालायची. बावीस वर्षांत तिने पास केलेले सूत मागावरून परत आले असे एकदाच झाले होते, आणि तेव्हा दोष मागाचा निघाला. हे ती कोणाला सांगत नसे, पण विसरतही नसे.

गाळ्यात चौथी व्यक्ती होती मनवा गद्रे. गिरगावची मुलगी, वय सव्वीस, रडारचे शिक्षण घेतलेली. लांबीचे हिशेब, नौदलाशी पत्रव्यवहार, कामाचे नियम, सगळे तिच्याकडे. गाळ्यात चप्पल बाहेर, डबा बाहेर, केसांना टोपी, हे नियम तिचेच. सुभद्राला ते पटत. गिरणीत असे नियम असते तर अर्धा खोकला वाचला असता असे ती म्हणे. राजारामला मात्र टोपीचा राग होता. हॉटेलातल्या आचाऱ्यासारखे दिसते म्हणायचा.

२०२३ च्या दसऱ्याला पहिल्यांदा वाजले. त्याआधीच्या वर्षी यंत्र दुरुस्तीला गेले होते, त्यामुळे पूजेचा प्रश्न आला नव्हता. यंदा यंत्र जागेवर होते आणि खंडेनवमी सोमवारी आली होती. राजारामने झेंडू, आंब्याचे टहाळे आणि नारळ सकाळीच आणून ठेवला. मनवा म्हणाली की इथे साधी धूळ चालत नाही, तिथे हळदकुंकू आणि नारळ कसे चालेल. राजाराम म्हणाला, हत्यारांची पूजा खंडेनवमीला नाही करायची तर कधी करायची, आणि हे तर लढाईचे हत्यार. मनवाने सौमित्रकडे पाहिले. सौमित्रने, मालक लोक पाहतात तसे, सुभद्राकडे पाहिले.

सुभद्राने तोड काढली. हळदकुंकू फक्त यंत्राच्या पायाला. हार बाहेरच्या पत्र्यावर, आत काही नाही. उदबत्ती दारात. नारळ लोखंडी पायाशी फोडायचा आणि पाणी वाटीत धरायचे. मनवाने नाइलाजाने मान हलवली, पण आपल्या वहीत एक ओळ लिहिली ती सगळ्यांनी पाहिली.

पूजा झाली. नारळ चांगला निघाला. वाटीतल्या पाण्यात आंब्याचे पान बुडवून सुभद्राने यंत्रावरून फिरवले, जसे गिरणीत कातण्याच्या प्रत्येक साच्यावरून फिरवायचे. हात आपणहून चालला. वरच्या झाकणावर चार थेंब पडले ते तिने लगेच फडक्याने पुसून घेतले. झाकणाला धागा आत जायची एक फट होती, तिच्याकडे तिचे लक्ष गेले नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. बुधवारी लॉट एकतीस कापायला घेतला. हा लॉट साधा नव्हता. भाऊबीज झाल्यावर, सतरा नोव्हेंबरला, खुल्या समुद्रात खऱ्या जहाजावरून चाचणी होती. विमानात क्षेपणास्त्राचे रडार बसवून ते जहाजाच्या दिशेने उडवायचे, जहाजाने नळकांडी सोडायची, आणि रडार कोणाच्या मागे जाते ते पाहायचे. दोन वर्षे ज्यासाठी घासली ती हीच चाचणी. पास झाली तर पुढचे काम, नाही झाली तर गाळ्याला कुलूप, असे सौमित्र स्वतः बोलला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होते.

राजारामने शंभर पाकिटे कापली. प्रत्येकावर कापल्याच्या क्रमाने आकडा. नियमाप्रमाणे दहावे, पन्नासावे आणि नव्वदावे पाकीट सुभद्राने हौदात सोडवून घेतले. दोन, दोन आणि दीड. इतका स्वच्छ लॉट आजवर झाला नव्हता. तिने सही केली. उरलेल्या सत्त्याण्णवांतली शहाण्णव पाकिटे बारा-बाराने आठ नळकांड्यांत भरली गेली, आणि एक तारखेला माल नौदलाच्या कोठारात पोचला. तिथेच त्यात स्फोटाची दारू भरायची होती. गाळ्यात दारूचे काम नव्हते.

उरले एक पाकीट. ते पहिल्या नंबरचे होते आणि ते सुभद्राने मुद्दाम बाजूला काढून गणपतीच्या तसबिरीपुढे फळीवर ठेवले होते. ही गिरणीची रीत. दसऱ्याच्या पूजेनंतर चालू झालेल्या यंत्रावरची पहिली बॉबिन देवीची. ती मोजणीत धरायची नाही.

सहा नोव्हेंबरला, सोमवारी, दिवाळीची झाडलोट काढली. सुभद्राने फळी पुसायला घेतली तेव्हा तसबिरीमागून मुंग्यांची रांग चालली होती. लॉट पास झाला म्हणून तिने वाटलेले पेढे त्याच दिवशी संपून डबा धुऊन ठेवलेला. फळीवर गोड काहीच नव्हते. रांग कुठे जाते म्हणून तिने पाहिले तर ती पाकीट नंबर एकच्या कागदाच्या घडीत शिरत होती.

तिने पाकीट उचलून झटकले. पेढ्याचा हात कागदाला लागला असेल असे आधी तिला वाटले. पण पेढे तिने दिले होते पाकीट ठेवल्यानंतर, आणि राजारामने ते दारात उभे राहून खाल्ले होते. मग तिने पाकीट उघडले. मुंग्या कागदावर नव्हत्या. तंतूंवर होत्या.

जेवणाच्या सुट्टीत मनवा आणि सौमित्र खाली गेल्यावर तिने राजारामला हौदाच्या वर पाठवले. निम्मेच पाकीट दिले, निम्मे ठेवून घेतले. "सोडू?" तो वरून म्हणाला. "सोड." ती आकडे म्हणायला लागली. तीनलाच ट्रेवर पाऊस पडल्यासारखा आवाज झाला. चाफ्याचा कधी आवाज होत नाही. दहाला तिने ट्रे ओढला आणि तराजूवर नेला. शंभरात एकवीस.

राजाराम खाली आला. ट्रे बघून त्यालाही सांगावे लागले नाही. त्याने झाकण उघडून आतल्या रबरी रुळावर बोट फिरवले. आता रूळ स्वच्छ होता. जे काही होते ते धाग्यानेच पुसून नेले होते.

दोघे एकमेकांशी मालवणीतच बोलत.

"नारळाचा पाणी," सुभद्रा म्हणाली.

"गप रव गे बाय. तीन पास झाली मा? मग कोणाक कळतला?"

"माका कळला."

"तुका कळला ता तुझ्या पोटात ठेव. ती मॅडम पूजा बंद करतली, आणि आपल्या दोघांक घराक धाडतली."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कागद नियमाप्रमाणे होता. दहावे पाकीट चांगले होते, म्हणजे खराबी फार तर नवव्यापर्यंत. शहाण्णवांत आठ. आठ नळकांड्यांपैकी एकातच ती सगळी जाणार. समुद्रात एखादे नळकांडे नीट उघडले नाही तर त्याला शंभर कारणे निघतात. आणि बोलायचे तर दहा दिवसांवर आलेली चाचणी मोडायची, आणि वर हेही सांगायचे की जिने मध्यस्थी करून पूजा करवली, तिच्याच हाताने पाणी शिंपडले गेले. यापुढे तिच्या सहीला कोण विचारणार?

दुपारभर ती कामात होती, पण तिला राहून राहून आनंदीबाई आठवत होत्या. गिरणीत तिला काम शिकवलेल्या. पहिल्याच दसऱ्याला सुभद्राने त्यांना विचारले होते की पहिल्या बॉबिनी देवीला कशाला. आनंदीबाई म्हणाल्या होत्या, देवीचे देवीला. आणि मग टोपली उचलता उचलता म्हणाल्या, अगं, पूजेचे तेलपाणी लागलेले असते त्यांना, ते मागावर नेऊन काय करायचेय. टोपली. एक बॉबिन नव्हे, प्रत्येक चातीवरची पहिली बॉबिन, भरलेली टोपली बाजूला जायची. इथे धागा परदेशातून येतो, पाकीट न् पाकीट मोजलेले, म्हणून तिने एका पाकिटावर भागवले होते. रीत पाळली होती, पण नावापुरती.

घरी आल्यावर तिने चकल्या करायला घेतल्या. नवरा गणपत, बेस्टच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेला, दरवर्षीप्रमाणे सोऱ्या दाबायला बसला. तीन चकल्या पाडून थांबला.

"काटा येत नाहीय. मोहन घातलंस का?"

नव्हते घातले. मग तिने त्याला सगळे सांगितले. लॉट, पाकीट, मुंग्या, राजाराम काय म्हणाला तेही. गणपतने भिजवलेले पीठ बाजूला ठेवले आणि ऐकून घेतले. चाळीस वर्षे त्याने बसचे ब्रेक तपासले होते. सांगावे की सांगू नये, यावर तो बोललाच नाही.

"सांगणार असशील तर सकाळी पोचल्या पोचल्या सांग," तो म्हणाला. "दुपारी सांगितलंस तर म्हणतील, सकाळपासून काय करत होती ही."

मग त्याने तिला मोहनासाठी तेल तापवायला सांगितले.

मंगळवारी मनवा टोपी घालत होती तेवढ्यातच सुभद्रा उरलेले अर्धे पाकीट ट्रेवर घेऊन तिच्यापुढे उभी राहिली. काय झाले ते तिने क्रमाने सांगितले. पाणी कोणी शिंपडले हे पहिल्या वाक्यात सांगितले, म्हणजे ते शेवटी सांगायला उरायला नको. मनवाने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. स्वतः वर जाऊन अर्धे पाकीट सोडले, स्वतः खाली येऊन वजन पाहिले. एकोणीस.

"पूजेला मी नको म्हटलं होतं," मनवा म्हणाली.

"होय. म्हटलं होतंत."

"आणि तुम्ही मध्ये पडलात म्हणून मी गप्प बसले. राजारामकाकांसाठी नाही बसले."

हे सुभद्राला लागले. तिने खाली पाहिले.

सौमित्र आला तेव्हा त्यालाही सांगितले. त्याच्या चेहऱ्यावर आधी ऐकलेच नाही असा भाव होता, मग तो टेबलाभोवती फिरायला लागला. तारीख पुढे गेली तर जहाज पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. आणि आपण तर नियमाप्रमाणेच माल दिलाय, तीन नमुने म्हणजे तीन नमुने, चौथा आपल्याला कोणी मागितलेला नाही. हे सगळे तो दोघींना नव्हे, स्वतःलाच ऐकवत होता. शेवटी तो सुभद्रापाशी थांबला.

"सही तुमची आहे, बाई. तुम्ही काय म्हणता?"

"सही दहा, पन्नास आणि नव्वदची आहे," सुभद्रा म्हणाली. "दोन ते नऊ मी बघितलीच नाहीत. कागद बघून सगळ्यांना वाटतं की बघितलीत. तेवढं त्यांना सांगा."

सौमित्रने खिडकीशी जाऊन फोन लावला.

गुरुवारी नौदलाच्या कोठारात सौमित्र, मनवा आणि सुभद्रा या तिघांना बोलावले. दारू भरायचे काम थांबवून ठेवले होते. तपासणीचे अधिकारी दक्षिणेकडचे होते, हिंदी सावकाश बोलत. एक नंबरचे नळकांडे त्यांनी उघडायला लावले. तिथे हौद नव्हता. सुभद्राने पिशवीतून गिरणीतली काळी पाटी काढली. सूत गुंडाळून पाहायची असते ती. सोबत घड्याळजी वापरतात तसला रबरी फुगा. पाटीच्या कडेवर पाचव्या पाकिटातले चिमूटभर तंतू ठेवले आणि फुगा दाबला. अर्धे उडाले, अर्धे गोळा होऊन पाटीवरच लोळले. मग तेराव्या पाकिटातले ठेवले. फुगा दाबताच ते असे नाहीसे झाले की अधिकाऱ्यांनी पाटीला हात लावून पाहिला. मग त्यांनी फुगा मागून घेतला आणि दोन ते चौदा सगळी पाकिटे एकेक करून स्वतः तपासली. सातव्यापर्यंत खराब, आठवे-नववे बरे, पुढे स्वच्छ.

कारण विचारल्यावर सौमित्र इंग्रजीत साखरयुक्त द्रवाबद्दल काही सांगू लागला. अधिकाऱ्यांनी सुभद्राकडे पाहिले.

"कौन सा लिक्विड?"

"नारियल का पानी, साहब."

"हम भी फोड़ते हैं," ते म्हणाले. "लेकिन जहाज़ की नाक पर. रडार पर नहीं."

मनवा हसली नाही, पण तिने तोंड फिरवले.

निकाल असा झाला की एक नंबरचे नळकांडे बाद, सात जातील. चाचणीची आखणी मात्र चार आणि चार अशी होती. आधी जहाजाच्या उजव्या अंगाने चार उडवायची, मग वळून डाव्या अंगाने चार. आता दुसऱ्या फेरीला तीनच राहणार होती, आणि तिनांचा निकाल धरायचा की नाही ते वर ठरणार होते.

सतरा तारखेला गाळ्यात कोणी समुद्र पाहिला नाही. सौमित्र आणि मनवा गोदीत होते. राजाराम लॉट बत्तीस कापत होता, टोपी घालून. सुभद्रा पाकिटांवर आकडे घालत होती. चारच्या सुमारास मनवाचा फोन आला. पहिल्या चारांनी ढग असा धरला की रडार आठ सेकंदांत जहाज सोडून ढगाच्या मागे गेले आणि परत आलेच नाही. दुसऱ्या फेरीत तिनांचा ढग विरळ पडला. रडार गेले, पण परत जहाजावर आले. ती फेरी मार्चमध्ये पुन्हा घ्यायची.

"म्हणजे अर्धे पास," राजाराम म्हणाला.

"ते खराब नळकांडं बाद झालं नसतं तर कुठल्या फेरीत गेलं असतं कोण जाणे," सुभद्रा म्हणाली. तिने फोन ठेवला आणि आकडे घालायला बसली, पण पुढचे दोन आकडे तिने चुकीचे घातले आणि खोडून पुन्हा घातले.

चार महिने सगळ्यांनी तग धरला. मार्चमधली फेरी झाली, पुढचे काम आले. पण त्याआधी, डिसेंबरातच, मनवाने नियमांचा नवा कागद काढला होता. नमुने तिनाऐवजी सहा, त्यात पहिले पाकीट धरलेच पाहिजे. आणि कागदाखाली दोन सह्या. आधी सुभद्राची, मग मनवाची. सुभद्राने कागद वाचला, घडी घातली आणि तराजूच्या पेटीखाली ठेवला, वर्तमानपत्राच्या घडीजवळ. पुढे महिनाभर ती मनवाशी कामापुरतेच बोलली. गणपतने एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली की तिच्या जागी मी असते तर मीही दोनच सह्या ठेवल्या असत्या, पण म्हणून मला बरे वाटले पाहिजे असे नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली तेव्हा राजारामने नारळ आणलाच नाही. झेंडूसुद्धा निम्माच आणला. नको ते पुन्हा, असे त्याचे म्हणणे. तेव्हा मनवाने टेबलाच्या खणातून एक छापील कागद काढला आणि यंत्राशेजारच्या भिंतीवर चिकटवला. कामाच्या पायऱ्यांचा तो नेहमीचा तक्ता होता, फक्त त्यात एक पायरी वाढली होती. राजारामने ती मोठ्याने वाचली. यंत्रपूजा कोरडी करावी. नारळ गाळ्याबाहेर फोडावा. पूजेनंतरची पहिली बारा पाकिटे मोजणीत धरू नयेत.

"बारा कशी ठरवलीत?" सुभद्राने विचारले.

"सातपर्यंत खराब होती. पाच वरची. आणि एका नळकांड्यात बारा जातात." मनवा थांबली. "कमी वाटतात का?"

"नाही. पुरे."

राजाराम नारळ आणायला धावत गेला. तो जिन्याच्या तोंडाशी दगडावर फोडला आणि पाणी सगळ्यांनी पिऊन टाकले. फुले पत्र्यावर वाहिली. दसऱ्यानंतर लॉट सेहेचाळीस लागला. पहिली बारा पाकिटे सुभद्राने सुतळीने बांधून तसबिरीपुढे ठेवली. आठ दिवसांनी फळी पाहिली. मुंग्या नव्हत्या. मनवाच्या सांगण्यावरून त्यांतली दोन पाकिटे हौदात सोडून पाहिली. दीड, आणि एक.

"चांगली आसत," राजाराम हळहळला. "दहा उरली ती तरी लॉटात घाल मगे. एवढो माल फुकट."

सुभद्राने मनवाकडे पाहिले. मनवाने मान हलवली, नाही म्हणून.

"देवीची ती देवीची," सुभद्रा म्हणाली, आणि लॉट सेहेचाळीसच्या कागदावर वरच्या ओळीत सही करून कागद खालच्या ओळीसाठी मनवाकडे सरकवला.